आल्फा जुलिएटा स्पायडर: गाडीत एक इंजिन, गोदामात दुसरं. मूळ कुठलं?

खानापूर_नाका:
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एक आल्फा रोमिओ जुलिएटा स्पायडर (इटालियन, उघड्या टपाची) विकायला आहे. मालकाच्या सांगण्यानुसार १९५७ ची, गोव्यात पोर्तुगीज असताना आलेली. आधी जीडी (गोवा-दमण) पासिंग, नंतर एमवाय (म्हैसूर राज्य). आरसी फाटकी आहे, इंजिन नंबरच्या जागी शाईचा डाग.

फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) चासी नंबर एआर १४९५ पासून सुरू होतो. गाडीतल्या इंजिनावर एआर ००११२. मालक म्हणतो, "ओरिजिनल आहे, कंपनीचंच." गोदामात पोत्याखाली एक रिकामा ब्लॉक पडलाय, त्यावर एआर १३१५ आणि पुढे पाच आकडे. त्याचे वेगळे पैसे मागतोय.

१) गाडीतलं इंजिन मूळ असू शकतं का?
२) सुटा ब्लॉक याच गाडीचा आहे हे सिद्ध कसं करायचं?
३) आरटीओचं काय?

वेबर_आणि_सोलेक्स:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाही. ००११२ हे जुलियाचं, म्हणजे जुलिएटानंतर आलेल्या मॉडेलचं १५७० सीसी इंजिन, १९६२ पासूनचं. जुलिएटाचं १२९० सीसी. ५७ च्या गाडीत ते कारखान्यातून येणं शक्यच नाही. "कंपनीचंच" एवढं मात्र खरं, आल्फाचंच आहे. आकडा पुसलेला असला तरी पक्कं करता येतं. या इंजिनाचा प्लग दहनकक्षाच्या मधोमध असतो. प्लग काढा, लांब लाकडी काडी सोडा, क्रँक हाताने हळू फिरवा आणि पिस्टन सर्वांत वर व सर्वांत खाली असताना काडीवर खुणा करा. अंतर ७५ मिमी आलं तर १२९० सीसी, ८२ आलं तर १५७०. सात मिलिमीटरचा फरक आहे, शाळेतली पट्टीही पुरते. लोखंडी सळई घालू नका, पिस्टनला ओरखडा पडेल.

बॉनेटही उघडून बघा. १५७० चा ब्लॉक उंच, म्हणून जुलिया स्पायडरच्या बॉनेटवर कारखान्यानेच फुगवटा दिला होता. जुलिएटाचं बॉनेट सपाट. सपाट बॉनेटखाली उंच इंजिन बसवलं असेल तर आतल्या बाजूला घासल्याच्या किंवा हातोडीने ठोकल्याच्या खुणा सापडतात.

पण आधी गाडी खरंच ५७ ची आहे का ते ठरवा. टेप घेऊन पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. सुरुवातीच्या ७५० डी मालिकेत ते २२०० मिमी आहे आणि दाराला छोटी त्रिकोणी काच नाही. १९५९ पासूनच्या १०१ मालिकेत २२५० मिमी आहे आणि काच आहे. गाडी १०१ निघाली तर १२९० सीसीच्या इंजिनावर ००१०२ असा टाइपही बरोबर ठरतो, मग १३१५ च्या ब्लॉककडे, म्हणजे ७५० मालिकेच्या १२९० सीसी टाइपकडे, वेगळ्या नजरेनं बघावं लागेल.

उद्यमबाग_लेथ:
ब्लॉककडे वळण्याआधी एक विनंती. तो कुठल्याही रिबोअरवाल्याकडे "जरा धुऊन द्या" म्हणून टाकू नका! आपल्याकडे फियाट, अँबॅसेडरचे ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळतात, कारण ते बिडाचे. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आत बिडाचे वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारी सिलिंडरची सुटी नळकांडी. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. तासाभरात नंबरच्या कडा बोथट होतील आणि मग अस्सल शिक्काही संशयास्पद दिसेल. सँड ब्लास्टिंगनेही तेच होतं. रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश, बस. वायर ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर लांब ठेवा.

स्वच्छ झाल्यावर अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवा धरून फोटो काढा, चारही बाजूंनी. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, पासिंगला चासी प्रिंट काढतात तशी. बघायचं ते हे:

नंबरच्या पट्टीवर मशीनिंगच्या बारीक रेघा असतात. त्या आकड्यांच्या दोन्ही बाजूंनी सलग जायला हव्यात. आकड्यांभोवतीच रेघा गायब किंवा वेगळ्या दिशेने असतील तर तिथे घासलंय. पट्टीवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मध्ये उजेड दिसला, म्हणजे खोलगट भाग आहे. ॲल्युमिनियमवर वेल्डिंग करून परत सपाट केलेलं असेल तर तो डाग रंगाने वेगळा दिसतो.

आकडे वरखाली आहेत म्हणून लगेच "डुप्लिकेट" म्हणू नका. कारखान्यातही पंच हातानेच मारत. आकड्याचा आकार बघा, विशेषतः १, ३ आणि ५, आणि टाइप व नंबर यांच्या मधली चांदणी. खात्रीच्या १३१५ ब्लॉकच्या फोटोंशी ताडून बघा.

ब्लॉकवर वर उठून आलेले आकडेही असतात. तो ओतकामाचा पार्ट नंबर, शेकडो ब्लॉकवर एकच. कारखान्यात पंचने आत ठोकलेला तो इंजिन नंबर. विक्रेते वर उठलेला आकडा दाखवून "हा बघा मॅचिंग" म्हणतात.

टिळकवाडी_१२:
एवढा खटाटोप कशाला, नंबर माहीत आहे तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नवा ब्लॉक ओतून घ्या की राव. आपल्या फाउंड्र्या काय कमी आहेत?

उद्यमबाग_लेथ:
ओतता येईल. पण त्यावर जुना नंबर ठोकला की फौजदारीचं प्रकरण होतं, अण्णा. रिस्टोरेशन नव्हे.

चिक्कोडी_केए२३:
कागदांचं सांगतो, कारण इथे खरा पुरावा कागदच देणार.

ब्लॉकचा टाइप बरोबर असणं आणि ब्लॉक याच गाडीचा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. जुलिएटात इंजिन आणि चासी नंबर सारखे नसतातच. १३१५ टाइपची इंजिनं हजारोंनी बनली. जोडी जुळवायला दोन वाटा आहेत.

पहिली, इटलीतली. आल्फाच्या आरेझे इथल्या दस्तऐवज केंद्राकडे चासी नंबर, फायरवॉलच्या शिक्क्याचा फोटो आणि पाटीचा फोटो पाठवा. उत्तरात साधारणपणे उत्पादनाची तारीख, मूळ रंग, कधी आणि कुठे विकली हे येतं. नुसतं "माहिती द्या" लिहू नका. "या चासीला एआर १३१५ अमुक हे इंजिन होतं का" असा नंबर घालून थेट प्रश्न विचारा. विक्री पोर्तुगालला झालेली निघाली तर गोव्याच्या हकिगतीला चांगला आधार मिळतो.

दुसरी वाट आपली, आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. आपल्या आरसीवर चासीबरोबर इंजिन नंबरही लिहिलेला असतो. फाटक्या आरसीवर डोळे फोडू नका. शेवटची नोंद ज्या आरटीओत आहे तिथून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणी रजिस्टरचा उतारा काढा. बेळगाव असेल तर केए २२ चं कार्यालय, चिक्कोडी असेल तर केए २३. त्यात आधीचा नंबर दिसला की मागे मागे जात गोव्यापर्यंत पोचा. जीडी मालिका १९६१ नंतरची, म्हणजे त्याआधीची नोंद पोर्तुगीज भाषेत असणार. जुन्या नोंदीत १३१५ चा नंबर आणि पुढच्या नोंदीत ००११२ आला, की इंजिन कुठल्या दोन तारखांच्या मध्ये बदललं ते कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलाची नोंद आरसीवर व्हायला हवी. ती नसेल, आरसीवर अजून १३१५ च असेल, तर सध्याची गाडी कागदाशी जुळत नाही. ट्रान्सफरच्या तपासणीत नेमकं इथंच अडकतं.

आणि व्हिंटेज नोंदणी. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिका मिळते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच. त्यामुळे तो पोत्याखालचा ब्लॉक नुसत्या हौसेचा नाही.

खानापूर_नाका:
टेप लावला. २२०० मिमी, दाराला त्रिकोणी काच नाही. काडीवर ८२. ब्लॉकमध्ये लायनर नाहीत, आणि पाच आकड्यांतला पहिला ३ आहे. याला काही अर्थ आहे का?

वेबर_आणि_सोलेक्स:
आहे, आणि मालकासमोर चेहरा सरळ ठेवा! ७५० मालिकेत व्हेलोचे, म्हणजे जास्त ताकदीच्या आवृत्तीच्या इंजिनांना ३ ने सुरू होणारे पाच आकडी नंबर होते. साध्या स्पायडरला एक सोलेक्स कार्ब्युरेटर, व्हेलोचेला दोन वेबर ४० डीसीओ३. पण व्हेलोचे ठरायला चासीही व्हेलोचेचीच हवी, नाहीतर हा दुसऱ्याच गाडीचा ब्लॉक आहे. आरेझेला पत्र लिहिताना "ही चासी ७५० डी की ७५० एफ", म्हणजे साधी की व्हेलोचे, हा प्रश्न सर्वांत वर घाला. गोदामात दोन वेबर, त्यांचा मॅनिफोल्ड किंवा एअरबॉक्स पडलाय का तेही शोधा. इंजिन काढताना असले भाग बाजूला ठेवतात आणि मग भंगारात जातात.

उद्यमबाग_लेथ:
लायनर नाहीत म्हणून ब्लॉक सोडू नका, लायनर-पिस्टनचा संच बाहेरून मिळतो, बोअर ७४ मिमी. लायनर जिथे टेकतात ती खालची बैठक मात्र बोट फिरवून तपासा. पाणी साचून तिथे खड्डे पडले असतील तर लायनर खाली बसतो, हेड गॅसकेटवर दाब येत नाही आणि पाणी तेलात उतरतं. हेडचे स्टड तुटलेले असतील तर ते काढताना ड्रिल सरकून नंबरच्या पट्टीवर जाणार नाही असं बघा.

पाऊस सुरू व्हायच्या आत तिथून हलवा. तेलाचा हात द्या आणि सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

चिक्कोडी_केए२३:
गाडी आणि ब्लॉक एकाच करारात घ्या. करारात तिन्ही नंबर अक्षरशः लिहून घ्या: चासी, बसवलेलं इंजिन, सुटा ब्लॉक. पेन्सिल प्रिंट चिकटवून त्यावर दोघांच्या सह्या. गाडीची नोंद कर्नाटकाबाहेरची निघाली तर फॉर्म २८ ची एनओसी विकणाऱ्याने काढून द्यायची, हेही त्यातच. बी-एक्स्ट्रॅक्ट हातात येईपर्यंत टोकनपेक्षा जास्त पैसे देऊ नका.