नकल वॉकिंगला (knuckle walking, म्हणजे चिंपांझी दुमडलेल्या बोटांवर चालतो ते) मराठीत काय म्हणायचं? मूठ का पेर?

तासगावकर: पोरीला शाळेत आदिमानव आणि माकडं कशी चालतात यावर बोलायचंय. चिंपांझीसाठी तिनं 'मुठीवर चालणे' लिहिलंय. बरोबर आहे का? का सरळ रांगणं म्हणू?

कराडची: रांगणं अजिबात नको, रांगणारं बाळ गुडघे टेकतं, हा टेकत नाही. आणि मूठपण नाही ओ, तो बोटं आत दुमडतो आणि मधल्या पेरांची पाठ जमिनीला लावतो, पुढच्या अंगाचा भार त्याच्यावरच, म्हणून तिथली कातडी घट्टा पडल्यासारखी जाड असते. मी 'पेरांवर चालणं' म्हणीन.

तासगावकर: पण पेर म्हणजे सांधा ना?

ऊसवाला: आमच्यात उसाचं पेर म्हणजे या गाठीपासून त्या गाठीपर्यंतचा तुकडा, काहीजण त्यालाच कांडं म्हणत्यात. आज्जी बोटांच्या पेरांवर दुधाचा हिशोब करायची, अंगठा सोडून एका हाताला बारा. आता ती तुकडे मोजायची का रेघा कुणास ठाऊक, दोन्हीकडनं बाराच येतात 😄

कराडची: मग तुकडाच धरा, चिंपांझीला तोच अर्थ बसतोय. आणि शब्दाबरोबर ऊर्जेचंपण सांगू दे तिला. २००७ च्या एका अभ्यासात चिंपांझींना ट्रेडमिलवर चालवून मोजलं तर वजनाच्या हिशोबात माणूस त्यांच्यापेक्षा साधारण ७५ टक्के कमी ऊर्जेत चालतो असं निघालं. मुख्य कारण म्हणजे ते कंबरेत आणि गुडघ्यात वाकून चालतात. वर्गात पोरांना गुडघे वाकवून दोन चकरा मारायला लावा, मांड्या भरून आल्या की आपोआप कळतंय.

तासगावकर: भारी. मग 'आदिमानव पेरांवर चालायचा' असं लिहिलं तर चालंल?

कराडची: नको नको. टांझानियात लेटोलीला राखेत उमटलेली पावलं सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत आणि ती दोन पायांवर चालणाऱ्यांची आहेत. चार्टवर वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत जी रांग काढतात ना तिनंच हा घोळ घातलाय, आपला पूर्वज म्हणजे आजचा चिंपांझी नव्हे.

ऊसवाला: मग 'मुठीवर चालणे' बाद?

कराडची: बाद कशाला, ओरांगउटान जमिनीवर उतरला की बऱ्याचदा मुठीवरच चालतो. त्याला ठेवा.