गणपतीला गावी जाताना माणगावात तासन्‌तास अडकलो तर? गाडीत नक्की काय ठेवायचं

डोंबिवलीचा_चाकरमानी
नमस्कार मंडळी. यंदा गणपतीला कणकवलीला गाडी घेऊनच जावं लागणार असं दिसतंय, रेल्वेचं साठ दिवस आधी बुकिंग उघडतं त्या दिवशी सकाळी आठला लॅपटॉप, दोन मोबाईल सगळं घेऊन बसलो होतो पण पेमेंट होईपर्यंत वेटिंग. असो. गाडी छोटी, सीएनजी, डिकीत सिलेंडर त्यामुळे सामानाला जागा नावालाच. सोबत आई (वय ७२, शुगर, दोन्ही वेळ इन्सुलिन, बीपीच्या गोळ्यांमध्ये ती लघवी जास्त होणारी पण एक आहे), बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी.

वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव इथल्या रांगांचे व्हिडिओ दरवर्षी बघतोच आपण. रस्ता कुठला घ्यायचा ते मी बघतो, त्यावर इथे आधीच चिक्कार भांडणं झालीयेत. मला विचारायचंय ते एवढंच की समजा सहा-आठ तास गाडी जागची हललीच नाही तर आत बसलेल्या माणसांचं काय? नेटवर बघावं तर टॉर्च, दोरी, जंपर केबल, छोटी कुऱ्हाड (!) असल्या याद्या. खरंच कामाला येतं ते सांगा. आणि आईने आत्ताच जाहीर केलंय की ती निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पिणार नाही म्हणजे प्रश्नच नको.

चिपळूणची_लेक
आईंना आधी सांगा की हे अजिबात करायचं नाही. आपल्या बायका हेच करत आल्यात वर्षानुवर्षं, एसटीत बसायचं म्हटलं की पाणी बंद. शुगर आहे, त्यात ती लघवीची गोळी, त्यात आठ तास पाणी नाही, म्हणजे गाडीतून उतरताना चक्कर येऊन पडणं ठरलेलं, युरिन इन्फेक्शन होतं ते वेगळंच. गोळी मनाने बंद करू नका, त्या दिवशी वेळ मागे-पुढे केली तर चालेल का ते डॉक्टरांना आधीच फोन करून विचारा, अगदी साधा प्रश्न आहे त्यांच्यासाठी.

तर मुद्दा पाण्याचा नाही, टॉयलेटचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सविस्तर लिहिते. लहान मुलांचं प्लॅस्टिकचं पॉटी असतं ना, ते तुमच्याकडे असेलच, त्यात जाड कचऱ्याची पिशवी लावायची आणि तळाला एक मोठ्या माणसांचा डायपर उघडून पसरायचा. सगळं त्यात शोषलं जातं, सांडत नाही, वास येत नाही, पिशवीला गाठ मारून दुसऱ्या पिशवीत टाकायची. आईंना एवढं खाली बसता येत नसेल तर कमोडची घडीची खुर्ची मिळते पण तुमच्या डिकीत ती मावणार नाही, त्यापेक्षा निघताना त्यांनी डायपरच घालावा, नातीसमोर लाजायचं काही कारण नाही. गाडी अगदी डावीकडे असेल तर डावीकडचे पुढचे आणि मागचे दोन्ही दरवाजे पूर्ण उघडायचे, मध्ये आपोआप खोलीसारखा आडोसा होतो, उरलेल्या बाजूला मोठी छत्री उघडून धरायची नाहीतर वरून ओढणी टाकायची. फक्त एक माणूस मागे तोंड करून उभा पाहिजेच कारण जाममध्ये बाईकवाले डावीकडूनच घुसतात आणि दरवाजा उघडा दिसला तरी थांबत नाहीत.

ओले टिशू, हात धुवायला वेगळी पाण्याची बाटली, मुलीचे दोन जोड कपडे. हे सगळं मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. डिकीत ठेवलेलं सामान म्हणजे घरी ठेवल्यासारखंच, भर पावसात कोणी उतरून काढत नाही.

औषधवाला
इन्सुलिनबद्दल. चालू पेन किंवा बाटली फ्रीजबाहेर साधारण महिनाभर चालते, पण तीस डिग्रीच्या आत. बंद गाडीत डॅशबोर्डवर, डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये उन्हाची वेळ असेल तर त्याच्या कितीतरी वर तापमान जातं. आईंच्या पर्समध्येच ठेवा. न उघडलेलं जादा पेन नेत असाल तर मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये किंवा पाऊचमध्ये, पण बर्फाला थेट टेकवायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून. एकदा गोठलं की ते इन्सुलिन फुकट गेलं, नंतर वितळलं तरी वापरायचं नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जेवणाआधीचं इंजेक्शन "आता पाच मिनिटांत ढाबा येईल" या भरवशावर द्यायचं नाही. डबा उघडून मांडीवर आल्यावरच. जाममध्ये शुगर वाढण्यापेक्षा एकदम उतरण्याची भीती जास्त असते. घाम फुटला, हात थरथरायला लागले, उगाच चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं की तीन चमचे साखर नाहीतर ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी मशीनवर परत बघा, बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. बिस्किट तेवढ्या लवकर काम करत नाही. माणूस नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८. साखरेची डबी ड्रायव्हरच्या हाताशी, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या पण.

गावाकडचो
माझा सांगणा एकच, चतुर्थीच्या आदल्या रात्री भायर पडू नकात. चार दिवस आधी येवा, घर खंय पळान जाता?

डोंबिवलीचा_चाकरमानी
@गावाकडचो रजा देतंय कोण भाऊ 😅
@चिपळूणची_लेक आणि @औषधवाला खूप आभार, हेच पाहिजे होतं. आईला वाचून दाखवलं, डायपरवर तोंड वाकडं केलं पण नाही म्हणाली नाही. खायला काय न्यावं? आणि गाडीचं काय, आठ तास एसी चालवला तर गॅस पुरेल का?

घाटातला_ड्रायव्हर
खाण्याचं बायका सांगतील, मी गाडीचं बोलतो.

पेट्रोलची टाकी फुल करा. सीएनजीवाले नेहमी पेट्रोलचा एक दांडा ठेवतात आणि गणपतीला पंपावरच्या रांगेत अजून दोन तास घालवतात. उभ्या गाडीत एसी चालू ठेवला तर छोट्या गाडीला तासाला पाऊण ते एक लिटर धरा, म्हणजे आठ तासाला सहा ते आठ लिटर, फुल टाकीत निवांत भागतं. पण सतत चालवू नका, दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, काचा दोन बोटं खाली. एसी आतली हवा फिरवण्यावर तासभर ठेवून चौघं बसलात तर डोकं जड होतं, झोप येते, सगळ्यांना वाटतं प्रवासाचा थकवा. आणि सगळे झोपलेत आणि इंजिन चालू असं तर करायचंच नाही. पावसाचं पाणी सायलेन्सरपर्यंत आलं असेल तर इंजिन बंद, विषय संपला.

चढावर पुढे ट्रक असेल तर त्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत एवढं अंतर सोडा, तो थोडा मागे येतोच येतो. अर्धा क्लच धरून गाडी चढावर लटकवत ठेवू नका, हँडब्रेक लावा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच हला. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. क्लच जळाला की वास तुम्हालाच येणार आणि क्रेन त्या गर्दीत येणार कशी. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करून हीटर फुल करा, गरम होईल आत पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. उतरला नाही तर इंजिनच बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

आणि हात जोडून सांगतो, तिसरी लाईन करू नका. माणगावचा जाम गाड्या जास्त म्हणून होतोच, बाजारातून रस्ता अरुंद आणि ताम्हिणीवरून येणारी पुण्याची गर्दी पण तिथेच मिळते, पण तो फुटत नाही तो समोरच्या लेनमध्ये घुसणाऱ्या शहाण्यांमुळे. समोरून एसटी आली की दोन्हीकडचं लॉक. एक्सप्रेसवेवर तेच लोक शोल्डरवरून जातात आणि मग क्रेन आणि अ‍ॅम्ब्युलन्सला वाटच राहत नाही. बोरघाटात गॅसचा टँकर कलंडला तर त्यातला गॅस दुसऱ्या टँकरमध्ये भरेपर्यंत रस्ता सोडत नाहीत, ते काम घाईचं नसतंच, आणि त्यात तो दुसरा टँकर पोचायला जागा नाही.

पंचगंगाकाठ
आमच्याकडं कोल्हापूरला २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा ट्रकवाले दिवसच्या दिवस अडकून पडले होते, २०२१ ला परत तेच. गावातली पोरं भाकरी-आमटी घेऊन जायची तर ड्रायव्हर लोक आधी विचारायचे मोबाईल चार्ज करून मिळेल का. जेवण कोणीतरी आणून देतंय हो, रस्त्याकडेच्या गावांत माणुसकी असतीय, पण बॅटरी संपली की घरच्यांना कळवायचं कसं. पॉवरबँक भरलेली पाहिजे, गाडीतनं चार्जिंगवर अवलंबून राहू नका. आणि सुट्टे पैसे. टॉवरवर लोड आला की यूपीआय फिरतच बसतंय, चहावाला किती वेळ थांबणार. शंभर-पन्नासच्या नोटा ठेवा. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा, आणि मॅपनं एकदम गावातला रस्ता दाखवला तर डोळे झाकून वळू नका, तोच रस्ता त्यानं तुमच्या मागच्या शंभर जणांनाबी दाखवलेला असतोय.

चिपळूणची_लेक
खायला: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, फुटाणे. आईंसाठी दशमी गुळाशिवायची करा. ओल्या खोबऱ्याचं काहीही नको, चटणी नको आणि मोदकाचं सारण तर अजिबात नको, गाडीतल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबतं. बटाट्याची भाजी सकाळीच संपवा. पाणी पाच लिटरचा कॅन आणि वर बाटल्या. मुलीला मोबाईल देऊ नका घाटात, उलटी होते, आणि लोणच्याची फोड ऐनवेळी उपयोगी पडते. आईंना दर तासाला पावलं वर-खाली करायला सांगा, पाय सुजतात. संध्याकाळी काचा उघड्या ठेवायच्या तर डास, त्यासाठी खिडकीला चढवायच्या जाळ्या मिळतात मोज्यासारख्या, त्या घ्याच.

डोंबिवलीचा_चाकरमानी
मस्त. शेवटचं एक, रस्त्यात काही झालंच तर फोन कुठे करायचा? आणि @घाटातला_ड्रायव्हर, गाडी दोन वर्षं जवळपास सीएनजीवरच चालवलीय, पेट्रोलवर क्वचित. काही फरक पडतो का?

घाटातला_ड्रायव्हर
राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, अपघात झाला तर १०३३. पोलीस ११२, अ‍ॅम्ब्युलन्स १०८. सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगा, "माणगावच्या अलीकडे" म्हटलं तर त्यांना काही कळत नाही.

पेट्रोलचा फरक पडतो, आणि बरं झालं विचारलंत. टाकीतलं जुनं पेट्रोल खराब झालेलं असू शकतं, इंजेक्टर पण चोक होतात. आत्तापासूनच थोडं नवीन पेट्रोल टाकून रोज ऑफिसला जाताना पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा, झटके मारत असेल तर गॅरेजला दाखवा. निघायच्या आठवड्यात नेऊ नका, तेव्हा सगळ्या कोकणवाल्यांच्या गाड्या तिथेच उभ्या असतात.