चिपमधील द्रव रीएजंट: कप्पा की पुडी?

रोगतपासणीच्या चिपसाठी (बारीक नलिका व कप्पे असलेल्या छोट्या पट्टीसाठी) लागणारे द्रव रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायने, चिपच्या कप्प्यातच भरून वर चिकटपट्टी लावावी, अशी एक सूचना आहे; ती स्वस्त असली तरी मला टिकाऊ वाटत नाही. पीडीएमएस हे सिलिकोन प्रयोगशाळेत चिपचा प्राथमिक नमुना घडवायला सोयीचे आहे, पण त्यातून पाण्याची वाफ सहज निसटते. 100 मायक्रोलिटर बफरमधून (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारयुक्त द्रावणातून) 10 मायक्रोलिटर पाणी उडाले, तरी उरलेल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण सुमारे 11 टक्क्यांनी वाढते आणि बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आरोग्य केंद्राच्या कपाटात पडून राहणाऱ्या चिपबाबत हा धोका मोठा आहे. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली, गोळ्यांच्या पाकिटासारखी फुगीर पुडी चिपवर बसवणे मला योग्य वाटते. मात्र ती दाबून फोडल्यावर थोडा द्रव सुरकुत्यांत अडकतो व हवेचे बुडबुडे नलिकेत शिरतात. त्यामुळे द्रव गरजेपेक्षा थोडा जास्त भरून, मोजमाप पुडीवर न सोपवता चिपमधल्या ठरावीक मापाच्या कप्प्यावर सोपवावे.

तपासणीला लागणारी एन्झाइमे शक्यतो द्रवरूपात ठेवूच नयेत. ट्रेहॅलोज ही साखर मिसळून, गोठवून सुकवल्यास ती बरीच टिकतात. पण त्याच चिपवरच्या पुडीची कड किंचित गळली, किंवा त्याच जिल्ह्यातल्या खानापूरच्या पावसाळ्यात चिपचे पाकीट आधीच उघडून ठेवले, तर सुकवलेल्या एन्झाइमची कोरडी गोळी ओलावा शोषून घेते. पाकिटात ओलावा शोषणारे सिलिका जेल हवेच, आणि रुग्णाचा नमुना हाती आल्यावरच पाकीट फोडावे, ही सूचना आपल्याकडे कन्नड व मराठी दोन्हींत छापलेली असावी.