तोंड उघडत नाही, नळी तुंबते: घरी काय करावं?

प्रश्न: जबड्याचं ऑपरेशन आणि रेडिएशन झाल्यावर वडिलांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय. व्यायाम कसा करून घ्यायचा? नाकातली नळीही सारखी तुंबते.

उत्तर १: रेडिएशनने चावण्याचे स्नायू आखडतात आणि उपचार संपल्यावरही हे आखडणं वाढत राहतं, म्हणून खंड पडू देऊ नका. आधी सर्जनची परवानगी घ्या, विशेषतः प्लेट बसवली असेल तर. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवा. पुढच्या दातांवर जोर नको, ते हलतात. ताण जाणवावा, कळ नाही. ७ सेकंद धरायचं, असं ७ वेळा, दिवसातून ७ दा. सवय झाली की एक काडी वाढवा. काड्या त्यांनाच मोजू द्या, उमेद टिकते.

उत्तर २: नळी बहुतेकदा गोळ्यांच्या जाड भुकटीने तुंबते. प्रत्येक गोळी वेगळी, अगदी बारीक करून पाण्यात कालवा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कुटायच्या नाहीत, डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घ्या. आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी सोडा. नाकाजवळची खूण सरकलेली दिसली तर थेंबही देऊ नका, दवाखाना गाठा.

उत्तर ३: व्यायामाआधी गुळण्या: लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा. अल्कोहोलवाला माउथवॉश नको.