कास, पुंड्या आणि आजचा ऊस: मूळ कुठलं?

नदीकाठ
ओढ्याकाठी पांढरे तुरे काढणारं कास गवत आणि ऊस, दोघंही सॅकरम याच प्रजातीतले. मग ऊस कासापासूनच झाला का? तसं असेल तर मूळ न्यू गिनी का सांगतात? इक्षु, शर्करा हे शब्द तर आपल्याकडचे. आणि उसाच्या गुणसूत्रांचा आकडा दर ठिकाणी वेगळा कसा?

पाचट
कास बाप नव्हे, चुलता. गोड, जाड उसाचा (सॅकरम ऑफिसिनॅरम) पूर्वज म्हणजे सॅकरम रोबस्टम. न्यू गिनीत नदीकाठी वाढतो, १० मीटरपर्यंत जातो, पण कडक आणि बेताचाच गोड. तिथल्या लोकांनी चघळण्यासाठी मऊ, रसाळ ठोंब निवडून त्यांच्या टिपऱ्या (डोळे असलेले खोडाचे तुकडे) लावल्या. टिपरीतून हुबेहूब तोच ऊस येतो, त्यामुळे निवडलेला गुण वाया जात नाही. बियांवर ठेवलं असतं तर प्रत्येक रोप वेगळं निघालं असतं.

हा ऊस दर्यावर्दी लोकांबरोबर इंडोनेशियाच्या बेटांवरून आशियात आला. इथे कास (सॅकरम स्पॉन्टेनियम) आधीपासून होताच. त्याचा पसारा आफ्रिकेपासून भारत, जपान आणि पॅसिफिकपर्यंत. दोघांच्या संकरातून उत्तर भारतात सॅकरम बार्बेरी आणि चीनमध्ये सॅकरम सिनेन्स तयार झाले. बारीक, कडक, पण थंडी आणि पाण्याचा ताण सोसणारे. उत्तर भारतात गूळ-साखर बनवण्याची कला याच बारीक उसावर वाढली. म्हणजे शर्करा इथली, जाड ऊस तिकडचा. दख्खनचा जुना पुंड्या मात्र ऑफिसिनॅरमच, म्हणून चघळायला मऊ.

बेरीज-वजाबाकी
आकड्यांचा घोळ इथे आहे. ऑफिसिनॅरम ८०, कास ४० ते १२८ (जागेप्रमाणे बदलतो), आजचे वाण साधारण १०० ते १३०.

जावातला कासूर नावाचा संकर घ्या: ऑफिसिनॅरम मादी आणि तिथला ११२ गुणसूत्रांचा कास. दोघांनी निम्मी दिली तर ४० + ५६ = ९६. प्रत्यक्षात कासूरची १३६! कारण या संकरात मादी निम्मी न देता सगळीच्या सगळी ८० देते, नर कास मात्र निम्मीच: ८० + ५६. हा संकर पुन्हा ऑफिसिनॅरमशी केला तरी मादीकडून ८० येतात, ८० + ६८ = १४८. तिसऱ्या पिढीपासून व्यवहार निम्म्या-निम्म्याचा होतो. म्हणून कासाचा वाटा झपाट्याने घटतो, आजच्या वाणांत जेमतेम १० ते २० टक्के उरतो. तेवढ्यावरच रोगप्रतिकार, फुटवे आणि खोडव्याची ताकद टिकून आहे. जावात सेरेह रोगाने जाड उसाचं वाटोळं केलं, तेव्हा कासूरच कामी आला. १९२१ साली झालेला पीओजे २८७८ हा जावाचा वाण त्याच्याच वंशातला.

नदीकाठ
आपल्या वाणांत कास आला कुठून?

पाचट
कोइमतूरहून. तिथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघालं, कारण त्या हवामानात उसाला तुरा येतो आणि बीही धरतं. तिथले शास्त्रज्ञ बार्बर आणि वेंकटरामन यांनी वेल्लई या जाड उसावर तिथल्याच कासाचा पराग घालून को २०५ हा वाण काढला (को म्हणजे कोइमतूर). तो १९१८ साली उत्तरेत गेला. दख्खनमध्ये गाजलेला को ४१९ म्हणजे पीओजे २८७८ आणि को २९० यांचा संकर, म्हणजे जावाचा कासही आपल्या फडात शिरलाच. अडचण वेळेची: कास बहुधा उसाच्या आधी तुरे काढतो. त्यामुळे दिवसाची लांबी कृत्रिम उजेडाने किंवा अंधाराने बदलून दोघांचा तुरा जुळवावा लागतो.

बांधकरी
ओळखायचं असेल तर ठोंब उपटून पाहा. कासाला जमिनीखाली आडवी पसरणारी खोडं असतात, दांडा बारीक, आत भेंडासारखा, रस नावाला. उसाची बुंध्यातून मोळी वाढते, आडवी धाव नसते. शेतात कास शिरला असेल तर रोटाव्हेटर फिरवू नका. खोडाचे तुकडे होतात आणि डोळा असलेला तुकडा पुन्हा फुटतो. खोल नांगरून, मुळ्या वेचून उन्हात वाळवा.

आणि शर किंवा मुंज जुन्या पुस्तकांत सॅकरममध्ये दिसेल. आता ती ट्रिपिडियम या वेगळ्या प्रजातीत टाकतात, तेव्हा त्या यादीवरून उसाचं गोत्र जुळवायला जाऊ नका.