एलिमेंटरी शाळेचे टेस्ट स्कोअर बघून घर ठरवावं का? (कॅलिफोर्निया)

तिसरीची_आई

नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियातच एका गावातून दुसऱ्या गावात शिफ्ट होतोय आणि जूनच्या आत भाड्याचं घर फायनल करायचंय. मुलगा आत्ता दुसरीत आहे, ऑगस्टमध्ये तिसरीत जाईल, म्हणजे पुढच्या स्प्रिंगमध्ये त्याची पहिली स्टेट टेस्ट. दोन घरं आवडलीत, पण दोन्हीच्या शाळा वेगळ्या. घराच्या साइटवर एका शाळेचं रेटिंग ९ दाखवतंय, दुसरीचं ५. ९ वाल्या शाळेत मॅथमध्ये बहुतेक मुलं टेस्टच्या चारपैकी वरच्या दोन लेव्हलमध्ये, ५ वालीत साधारण निम्मी. नवरा म्हणतो डोळे मिटून ९ वाली घेऊ, भाडं जास्त पडलं तरी चालेल.

पण मी दोन्ही शाळा बघून आले आणि खरं सांगायचं तर मला ५ वाली जास्त आवडली. पहिलीच्या वर्गात टीचर अर्धगोल टेबलाशी चार मुलं घेऊन बसली होती, एकेक जण शब्दाखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचत होता, अडला की ती लगेच सांगत नव्हती, थांबत होती, आणि बाकीचा वर्ग आपापलं काम करत होता. आता एवढ्याशा भेटीवर विसंबायचं की आकड्यावर? हे आकडे नेमके कसे वाचायचे कोणी सांगेल का प्लीज.

आकडेमोड

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तो ९ आणि ५ बाजूला ठेवा आणि मूळ आकडे बघा. या टेस्ट तिसरी ते आठवी दरवर्षी होतात (इंग्लिश आणि मॅथ, सायन्स पाचवीत), केंद्राचा कायदाच आहे तसा, आधी २००२ चा आणि मग २०१५ चा. म्हणजे एलिमेंटरीचा जो आकडा दिसतो तो फक्त तिसरी-चौथी-पाचवीचा. तुम्ही जो पहिलीचा वर्ग पाहिलात त्याचं त्यात थेट काहीच नाही.

दुसरं, 'इतके टक्के मुलं पास' हा आकडा खूप गोष्टी लपवतो. तिसरीच्या मॅथमध्ये स्टँडर्ड गाठायला, म्हणजे वरच्या दोन लेव्हलमध्ये यायला, २४३६ पॉइंट लागतात. २४३५ वाला मुलगा नापासात, २४३६ वाला पासात, आणि २३०० वाला त्या २४३५ वाल्याच्या शेजारीच मोजला जातो. म्हणून स्टेटच्या डॅशबोर्डवर (शाळांचे निकाल दाखवणारी सरकारी साइट) 'डिस्टन्स फ्रॉम स्टँडर्ड' बघा, मुलं सरासरी त्या रेषेच्या किती पॉइंट वर किंवा खाली आहेत ते कळतं. आणि एकाच वर्षाचं बघू नका. समजा तिसरीत ४० मुलं आहेत, तर दोन मुलं इकडची तिकडे झाली की ५ टक्के हलले, त्यात शाळेनं काही केलेलं नसतं.

माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट ही की यंदाच्या तिसरीची तुलना मागच्या तिसरीशी करूच नका, ती वेगळी मुलं आहेत. मागच्या वर्षीची तिसरी यंदा चौथीत कुठे आहे आणि पुढे पाचवीत कुठे पोचते ते बघा. मधे काही मुलं येतात जातात त्यामुळे हिशेब अगदी चोख नाही, पण शाळा मुलांना पुढे नेतेय की नाही याचा अंदाज येतो. सरासरी स्कोअर बराचसा घरच्या परिस्थितीवर असतो, वाढीचं तसं नाही. स्टॅनफर्डच्या एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्टनं देशभरच्या तिसरी ते आठवीच्या टेस्ट एकत्र करून हेच दाखवलंय. शिकागोचं त्यांचं उदाहरण बरंच गाजलं, तिथे २००९ ते २०१४ मध्ये मुलांची सरासरी वाढ ५ वर्षांत ६ इयत्तांएवढी निघाली, आणि शिकागोचे सरासरी स्कोअर मात्र देशाच्या खाली होते. त्यांच्या साइटवर शाळेचं नाव टाकून बघा.

शाळामावशी

मी एका एलिमेंटरीत एड (टीचरची मदतनीस) म्हणून काम करते, टेस्टच्या दिवसांत वर्गात असते, म्हणून थोडं लिहिते.

टेस्ट कॉम्प्युटरवर असते आणि त्यातला मोठा भाग अडॅप्टिव्ह, म्हणजे उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. त्यामुळे हुशार मूलही बाहेर येऊन म्हणतं खूप कठीण होतं, मला काहीच आलं नाही, आणि आईबाबा घाबरतात. घाबरू नका, ती टेस्ट तशीच बनवलीय. वेळेचं बंधन नाही, पण आठ वर्षांच्या मुलाला त्याचंच दडपण येतं, शेजारचा उठून गेला की हा घाईघाईत क्लिक करत सुटतो. आणि इंग्लिशमध्ये परिच्छेद टाइप करायचा असतो. एक मुलगा तोंडी इतकं सुंदर सांगतो की ऐकत राहावं, पण कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत दोन ओळींत थकला. ते स्कोअरमध्ये 'लिहिता येत नाही' असंच दिसणार ना! ताई, मुलाला घरी थोडं टाइप करायची सवय लावा, शाळा कुठलीही घ्या.

तुम्ही जो वर्ग बघितलात तो मला फार आवडला. अडलं की थांबणारी टीचर मिळायला भाग्य लागतं.

कोरा_कागद

मी थोडा वेगळा सूर लावतो. आकडे सगळंच सांगत नाहीत हे मान्य, पण निम्मी मुलं स्टँडर्डच्या खाली असतील तर टीचरचा वेळ त्यांच्याकडेच जाणार आणि जायलाच हवा. मग पुढे असलेल्या मुलाला वर्कशीट देऊन बसवतात, हे आमच्याकडे दोन वर्षं अनुभवलंय. त्यामुळे नुसतं वर्ग छान वाटला म्हणून ठरवू नका. प्रिन्सिपलला सरळ विचारा, जे मूल पुढे आहे त्याच्यासाठी आठवड्यात नेमकं काय करता? गुळमुळीत उत्तर आलं तर समजून जा.

आकडेमोड

कोरा_कागद, मुद्दा रास्त आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. फक्त एक भर घालतो, हाच प्रश्न ९ वाल्या शाळेतही विचारा. आपल्या लोकांची दाट वस्ती आहे अशा भागात वर्गातली कितीतरी मुलं शाळेनंतर कुमॉन किंवा तसल्या क्लासला जातात, तो अभ्यास शाळेच्या खात्यात जमा होतो. तिथे शाळा स्वतः किती शिकवते हे स्कोअरवरून ओळखणं उलट जास्त अवघड.

आणि गटवार आकडे उघडून बघा. इंग्लिश लर्नर गटाचे आकडे बघून मात्र दचकू नका, मुलाला इंग्लिश नीट यायला लागलं की ते त्या गटातून बाहेर पडतं, त्यामुळे तो गट कायम खालीच दिसतो. जिथे आकड्याऐवजी चांदणी (*) दिसेल तिथे १० किंवा कमी मुलं आहेत, ओळख कळू नये म्हणून आकडा झाकतात.

तिसरीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघं बसलो आणि ५ वालीचे मागच्या तीन वर्षांचे आकडे काढले. तिसरीत रेषेच्या बऱ्याच खाली असलेली बॅच पाचवीत रेषेच्या जवळ आलीय, मॅथमध्ये जास्त. ९ वालीची बॅच वर होती, तिथेच आहे. नवरा आता गप्प नाही पण विचार करतोय :) दोन्ही प्रिन्सिपलना मेल टाकलाय, कोरा_कागद यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारणार.

शाळामावशी

छान केलंत. शक्य असेल तर चौथी-पाचवीचाही वर्ग बघायला मागा. आणि भाडेकरार करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात फोन करून पत्ता त्याच शाळेच्या हद्दीत येतो का आणि तिसरीत जागा आहे का हे नक्की विचारा, घराच्या साइटवर दाखवलेली शाळा चुकीचीही असू शकते, आणि वर्ग भरला असेल तर दुसऱ्या शाळेत पाठवतात.