शब्दचर्चा : ‘मध्यमाहरण’, आणि समीकरण ‘न सुटणे’

प्रश्न (गुहागर) : दहावीच्या वर्गसमीकरणांची तयारी करून घेताना एका जुन्या पुस्तकात ‘मध्यमाहरण’ हा शब्द वाचला. हा ‘पूर्ण वर्ग पद्धती’चाच पर्याय आहे काय, आणि घनसमीकरणासाठी तो चालेल काय?

उत्तर (दापोली) : ताई, रीत तीच आहे, पण शब्द अधिक नेमका आहे. अव्यक्ताचा (म्हणजे काढायच्या राशीचा, क्ष चा) वर्ग, अव्यक्त आणि रूप, म्हणजे नुसती संख्या, अशी तीन पदे मांडली की मधले पद वर्गमूळ काढण्याच्या आड येते, आणि ती अडचण दूर करणे म्हणजे मध्यमाहरण. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ‘मध्यहरण’ म्हटले; भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त ‘मध्यमाहरण’ आहे, आणि तेथे श्रीधराचार्यांची रीतही उद्धृत केलेली आहे: वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणावे आणि अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हींकडे मिळवावा. नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल्-ख्वारिज्मी यांचे प्रसिद्ध उदाहरण या रीतीने करून पाहा. क्ष² + १०क्ष = ३९ याला ४ ने गुणून १०० मिळवले की (२क्ष + १०)² = २५६ होते, आणि धन उत्तर ३ येते. मधले पद येथे खोडले गेलेले नाही, ते वर्गात सामावले आहे. म्हणून ‘हरण’चा अर्थ ‘वगळणे’ असा मुलांना सांगू नये.

घनसमीकरणाबाबत मात्र जपून. भास्कराचार्यांनी क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५ हे उदाहरण दिले आहे. ६क्ष² डावीकडे नेऊन दोन्हींकडून ८ वजा केले की (क्ष − २)³ = २७ मिळते आणि क्ष = ५ येतो. परंतु येथे ६ आणि १२ हे सहगुणक एकाच घनात बसणारे निवडलेले आहेत. एरवी क्ष² चे पद घालवले तरी क्ष चे पद उरतेच, आणि त्याचा उपाय इटलीत देल फेर्रो आणि तार्ताल्या यांना सापडला; कार्दानो यांनी तो १५४५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या रीतीला मध्यमाहरण म्हणणे मला योग्य वाटत नाही.

पुरवणी (हर्णै) : याच ओघात एक विनंती. ‘पाचव्या कोटीचे (म्हणजे क्ष चा सर्वांत मोठा घात ५ असलेले) समीकरण सुटत नाही’ असे वर्गात सर्रास म्हटले जाते, ते टाळावे. क्ष⁵ = ३२ याचे २ हे उत्तर कोणीही सांगेल. नॉर्वेचे गणिती आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केले ते इतकेच, की सहगुणकांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मूळ काढणे एवढ्याच क्रिया करून पाचव्या कोटीच्या प्रत्येक समीकरणाला लागू पडेल असे एक सूत्र मिळू शकत नाही. आमच्याकडे गुंतलेले जाळे एका ठरावीक रीतीने उकलले नाही म्हणून त्याला टोके नाहीत असे कोणी म्हणत नाही. तशी या समीकरणांना मुळे, म्हणजे उत्तरे, असतातच. कोणते समीकरण करणींनी, म्हणजे मूळ काढण्यासह वरच्या क्रियांनीच, सुटते आणि कोणते नाही, ही कसोटी पुढे फ्रेंच गणिती गाल्वा यांनी दिली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८४६ मध्ये छापली गेली. म्हणून ‘करणींनी सुटत नाही’ असे पूर्ण म्हणावे, आणि ‘करणींनी’ हा शब्द कधीही गाळू नये.